दोन तारा, दोन दारी

म्हैसूर.
खंडेनवमीच्या झेंडूची माळ चौकटीवर वाळली आहे आणि दिवाळीची झाडलोट सुरू झाली आहे, असा हा दिवस.

तीर्थरूप भुजंगराव दाजींच्या चरणी अनंतकृष्णाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, म्हणून आठांपैकी सहाच अंगे जमिनीला टेकली, उरलेली दोन मिरजेला आलो की टेकीन.) आपला खोकला कसा आहे? गेला, की अजून शाळेच्या घंटेसारखा ठरल्या वेळी वाजतो? अंबाक्काचे गुडघे माझ्यासारखेच असणार, एकाच आईची लेकरे आम्ही. तिने पाठवलेले भडंग पोहोचले असे तिला सांगा. मला मात्र नुसता डबा पोहोचला, कारण तो आमच्या सौ. भाग्याच्या हातात आधी पडला. डब्याला वास छान येत होता.

घरोघरी फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असे आपण म्हणाल. फोनवर आपण मला मध्येच तोडता, दाजी. "अनंता, मुद्द्यावर ये" म्हणता. पत्र तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. दुसरे कारण असे की आपला पुतण्या धैर्यशील दिवाळीला मिरजेस येतो आहे आणि चपला काढायच्या आत तो इथल्या, शहराबाहेरच्या बेळगोळच्या कारखान्यात काय घडले ते सांगणार. त्याचा शब्द न् शब्द खरा असेल. पण खरे सांगायलाही एक क्रम लागतो, आणि तो क्रम त्या पोराकडे नाही. म्हणून आधी माझ्याकडून ऐका.

धाकट्या भावाचा, कृष्णमूर्तीचा, कापडछपाईचा कारखाना आपण पाहिला आहे. आमचे आजे-पणजे लाकडी ठशांनी कापड छापत, कोपरापर्यंत निळ्या हातांनी जेवायला बसत. आता कृष्णमूर्तीकडे शाईचे बारीक फवारे मारून नक्षी उमटवणारे यंत्र आहे. ते चालवणाऱ्याचे हात इतके स्वच्छ असतात की मला त्याची कीव येते. या यंत्राच्या पायी कृष्णमूर्तीची लेक स्पंदना बेंगळुरूच्या नोकरीवरून वर्षाची बिनपगारी रजा घेऊन घरी आली. रजा दिवाळीला संपते. तोवर कारखान्याला मोठे, कायमचे काम मिळाले तर ती इथेच राहणार. नाही मिळाले तर तिची तिथली खुर्ची तिची वाट पाहतेच आहे. कृष्णमूर्ती वरून म्हणतो, "तिची मर्जी." आणि आतून रोज देवापुढे दोन जास्तीच्या वाती लावतो. माझेही काही या प्रकरणात अडकले आहे, लपवत नाही. या घरात माझे भाषण शेवटपर्यंत ऐकणारी ती एकटी आहे, दाजी. भाग्या प्रस्तावनेलाच कुकर लावते. कृष्णमूर्ती पहिल्या मुद्द्याला फोन आल्याचे सोंग करतो. स्पंदना बसते. मध्ये प्रश्नसुद्धा विचारते. असा श्रोता बेंगळुरूला घालवायचा म्हणजे काय, ते व्याख्यात्यालाच कळेल.

आता तिची योजना समजून घ्या. मला समजली म्हणजे आपल्याला समजेलच. बेंगळुरूची एक कंपनी हॉटेलांना चादरी आणि पडदे पुरवते. तिच्या नक्षी आणि मागण्या क्लाउडमध्ये असतात. क्लाउड म्हणजे ढग नव्हे. दूर मुंबईतल्या कुठल्या तरी थंडगार इमारतीत ओळीने मांडलेले, आपण भाड्याने वापरतो असे संगणक. आमचे यंत्र मात्र बेळगोळला, आणि त्याला हुकूम देणारा संगणकही तिथेच, शेजारच्या खोलीत. (त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे सेवक; पण वातानुकूलित खोली त्याला आणि पंखा मला, यावरून सेवक कोण ते ठरवा.) मी स्पंदनाला विचारले, सगळेच तिकडे वर का नाही ठेवत? ती म्हणाली, शाईचा थेंब आत्ता टाकू की मग, हे यंत्र दर वेळी मुंबईला विचारत बसले तर उत्तर येईपर्यंत कापड पुढे सरकलेले असते. मग सगळेच इथे का नाही? तर बेंगळुरूची मंडळी क्लाउडशिवाय दुसरे काही ओळखतच नाहीत. म्हणून अर्धे इथे, अर्धे तिथे. यालाच हायब्रिड म्हणतात, आणि यात जीव असतो तो दोघांमधल्या जोडणीत. जोडणी तुटली की इथला सेवक मुका आणि तिथला मालक बहिरा.

जोडणीसाठी तिने दोन तारा ठरवल्या. एक आमच्या एकट्यासाठी राखून ठेवलेली, आपल्या भाषेत खासगी वाट. दुसरी साध्या इंटरनेटमधूनच जाणारी, पण आत कुलूपबंद बोगदा केलेली, म्हणजे बाहेरच्याला काही दिसू नये. दोन तारा दोन निराळ्या कंपन्यांच्या. प्रत्येकीला आपापली पेटी, म्हणजे राऊटर. दोन्ही पेट्या सारख्या एकमेकींची खुशाली विचारत असतात. एकीचे उत्तर आले नाही की दुसरी लगेच सगळा भार उचलते. स्पंदनाचे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवले आहे: तार तुटणार, हे धरूनच चालायचे, तुटल्यावर काय, ते आधी ठरवायचे. किती खोल! या एका वाक्यावर मी तीन भाषणे दिली, त्यातले एक लग्नात. (वधूपित्याला आवडले नाही.)

फक्त तिचे शब्द मला खटकत होते. आपण जाणताच, भेसळ दुधात असो की भाषेत, मी तिथे उभा राहतो. नजरबादच्या सरकारी कचेरीत उभा जन्म कन्नड टिपणे लिहिली, पण उंबऱ्याच्या आत मराठी ती मराठी. स्पंदना मला कन्नडात दोड्डप्पा म्हणे; मी म्हटले, थोरले काका म्हण. शेवटी तडजोड होऊन मी दोड्डकाका झालो. तर मी ठरवले की कारखान्यात क्लाउडला "मेघ" म्हणायचे. पहिल्यांदा जोडणी लागली तेव्हा आनंदाच्या भरात मी कारखान्याच्या भोंग्यावरून गर्जलो: "मेघ आला! मेघ आपल्याशी येऊन भिडला!" हा शब्द कन्नडातही तोच, त्यामुळे सगळ्यांना अगदी नीट समजला. छपाईखात्यातली सारी मंडळी काम टाकून गच्चीवर धावली आणि वाळत घातलेले सगळे कापड ओले-सुके एकत्र गुंडाळून खाली घेऊन आली. आभाळ निळेशार होते. त्या दिवसापासून भोंग्याच्या खोलीला कुलूप असते.

बेंगळुरूच्या कंपनीतर्फे हे काम पाहणारे चिदंबर नावाचे गृहस्थ आहेत. जगातल्या कशावरही त्यांचा विश्वास नाही. बसल्या खुर्चीचे पाय आधी हलवून बघतात. त्यांनी अट घातली: मी स्वतः येणार, माझ्या हाताने एक तार उपटणार, आणि छपाई थांबली नाही तरच काम तुमचे. अट स्पंदनाने हसत मान्य केली.

तारा कारखान्यापर्यंत आणण्याचे काम धैर्यशीलला मिळाले ते माझ्यामुळे. इथले दोघे-तिघे तारवाले दारात उभे होते. मी म्हटले, नको, आपला माणूस आणा, मिरजेचा. त्याला कन्नड येत नसेल, पण आपल्या भाषेत सांगितलेले काम आपल्या माणसालाच नीट कळते. (हे वाक्य कृष्णमूर्ती हल्ली घासागणिक म्हणतो. जेवण जात नाही मला.) पोरगा कामाला वाघ आहे, दाजी, हे मी लेखी देतो. तारा टाकायच्या आठवड्यातच स्पंदनाला चिदंबरांच्या कचेरीत जावे लागले, आणि तिने तिथून मला फोन केला. शब्द नीट लक्षात ठेवा. ती म्हणाली, "दोड्डकाका, लाइन दोन हैत, पण दारी पण दोन पाहिजे. बेरे बेरे दारी. दारी एकच असली तर दोन लाइन घेऊन काय उपेग, अल्वा?" मी म्हटले, समजले. आणि खरोखरच समजले होते!

मी कारखान्यात गेलो, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि धैर्यशीलला आज्ञा केली: "दोन्ही तारा वेगवेगळ्या दारी आणायच्या! एका दारी दोन तारा दिसल्या तर मला तोंड दाखवू नकोस!"

तो म्हणाला, "म्हणजे एक पुढच्या दारी आणि एक मागच्या दारी. एवढंच ना मामा?"

"एवढेच!"

"मग काय अवघड नाही. मागची चौकट जरा फोडावी लागंल."

कारखान्यापुढे केआरएस धरणाकडे जाणारा मोठा रस्ता आहे, आणि पाठीमागे कालव्याकडेने जाणारा कच्चा. एक तार पुढून, एक मागून. माझ्या डोळ्यांपुढे चित्र स्वच्छ होते. चौकट कशाला फोडायची ते मात्र कळले नाही, पण कारागिराला प्रत्येक गोष्ट विचारू नये असे माझे मत होते. (आता नाही.)

इथे थोडे विषयांतर, पण ते विषयाकडेच जाते. कारखान्यापुढे पावसाचे पाणी तुंबते. वसाहतीच्या सभेत मी उठलो आणि गटारावर बोललो. काय बोललो, दाजी! माइक बंद पडला तरी थांबलो नाही. बन्नीमंटपाच्या मैदानाच्या टोकाला उभ्या माणसालाही ऐकू गेले असते. रोमच्या नाल्यांपासून सुरुवात करून मी आमच्या फाटकापर्यंत आलो आणि शेवटी सांगितले, गटार खोदले नाही तर त्याच डबक्यात उपोषणाला बसेन. टाळ्या झाल्या. मी निवांत घरी आलो, कारण उभ्या हयातीत माझ्या भाषणामुळे कुणी काही केले आहे, असे घडलेले नाही. त्या बाबतीत मी माझ्या वक्तृत्वावर पूर्ण विसंबून होतो.

परीक्षेचा दिवस उजाडला. दोन्ही पेट्यांवर आयुधपूजेचे कुंकू होतेच. नवीन हार घातला. (हवेची भोके झाकू नका म्हणून स्पंदना हारामागून फिरत होती.) दारात कोहळा फोडला. चिदंबर आले, कोहळ्याच्या फोडींकडे संशयाने पाहिले, सर्व्हरच्या खोलीत शिरले आणि पहिल्या पेटीची तार हिसकली. पहिल्या पेटीचा दिवा लाल झाला, दुसरीचा हिरवा लुकलुकला, आणि पलीकडे यंत्र जराही न अडखळता हॉटेलाच्या पडद्यावर कमळे छापत राहिले. कृष्णमूर्तीच्या डोळ्यांत पाणी आले. चिदंबरांनी तार पुन्हा खोचली आणि चक्क मान डोलावली. स्पंदनाने माझ्याकडे बघून जे हसू दिले, ते मी कुठल्याही सभेतल्या टाळ्यांच्या बदल्यात देणार नाही.

इथेच थांबायला हवे होते. सगळे चहाकडे वळलेही होते. पण मी उभा राहिलो. माझा हा स्वभाव आपण जाणता. रिकामी जागा आणि चार माणसे दिसली की माझे पाय आपोआप जुळतात. मी म्हणालो, "मित्रहो! ज्याला एकच वाट असते तो गुलाम असतो. ज्याला दोन असतात तोच स्वतंत्र! या कारखान्याला आज दोन वाटा आहेत, आणि पृथ्वीवरील कोणतीही शक्ती..."

बाहेर खर्रर्र असा आवाज झाला. दोन्ही दिवे लाल.

माझे गटार आले होते. फाटकाशी जेसीबी उभा होता, चालक अत्यंत मन लावून खणत होता, आणि सोबतच्या मुकादमाने मला पाहताच हात जोडून सांगितले की साहेबांना आपले भाषण फार लागले, आज सकाळीच ऑर्डर निघाली. दाजी, माणसाने आयुष्यभर ज्याची वाट पाहावी, ते यश असे यावे!

स्पंदना चिखलात धावली. पुढच्या खड्ड्यात एक तुटकी तार असणार हे तिला कळलेच होते; तिथे दोन होत्या. शेजारीशेजारी, भावंडांसारख्या, एका घावात तुटलेल्या. झाले होते असे: धैर्यशीलने दोन्ही कंपन्यांच्या तारा पुढच्याच रस्त्याने, एकाच चरातून फाटकापर्यंत आणल्या होत्या. तिथून एक सरळ पुढच्या दारातून आत घेतली, आणि दुसरी कंपाउंडला पूर्ण वळसा घालून, भिंतीला सुबक खिळे मारत, मागच्या दाराची चौकट फोडून आत घेतली होती. काम इतके देखणे होते की दृष्ट लागावी.

मग ते भांडण झाले. पुढच्या खड्ड्याच्या काठावर स्पंदना, पलीकडच्या काठावर धैर्यशील, आणि मी मधल्या मातीच्या ढिगावर, नाइलाजाने व्यासपीठावर असल्यासारखा.

"दोन दारी सांगितल्याली मी!" स्पंदना ओरडली. "बेरे बेरे दारी!"

"मग दोन दारीच आणल्यात की!" हा तिच्यावर ओरडला. "पुढच्या दारी एक, मागच्या दारी एक. या की, मोजा! मागची चौकट फोडून फोडून माझा हात सुजला!"

"चौकट कोण बोलला? दारी, दारी! चालतात ती दारी!"

"दारातनं चालत नाहीत तर काय उडत जातात तुमच्यात?"

"अय्यो! दारी म्हणजे रोड! दारी चुकला म्हणत नाही का तुम्ही?"

धैर्यशील थांबला. म्हणाला, "आमच्यात वाट चुकतो माणूस. दार कशाला चुकंल? पिऊन आला तर चुकंल." आणि मग दोघांनीही वळून माझ्याकडे पाहिले.

काय सांगू, दाजी. त्या क्षणी मातीच्या ढिगावर उभे राहून मला पहिल्यांदा शंका आली. आमच्या आईने "दारी बघून चाल" म्हणतच आम्हाला पाऊल टाकायला शिकवले. बाबा कचेरीतून उशिरा आले की "दारीत कोणी भेटलं वाटतं" असे ती म्हणे. पाच पिढ्या म्हैसुरात राहून आमच्या घरात दारी म्हणजे रस्ताच. तो शब्द कन्नड आहे, हे मला कुणी कधी सांगितलेच नाही! तो मराठी घरात मराठी कपडे घालून वावरत होता, आणि मी, भेसळीचा पहारेकरी, रोज त्याला नमस्कार करत होतो. चिदंबरांना कुणीतरी कन्नडात हा उलगडा करून सांगितला. जो माणूस खुर्चीवरही विश्वास ठेवत नाही, तो हसता हसता आमच्या तुटक्या कंपाउंडला टेकून उभा राहिला.

आणि हे सगळे चालू असताना आतून यंत्राचा आवाज येत होता. हे प्रथम चिदंबरांच्याच लक्षात आले. ते म्हणाले, "तारा तर दोन्ही तुटल्या. मग हे कसं चाललंय?" स्पंदना चिखलातच उभी होती. तिने सांगितले की दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या तर म्हणून ती रोज पहाटे त्या दिवसाचे सगळे काम क्लाउडमधून उतरवून घरच्या सर्व्हरवर ठेवते. संध्याकाळपर्यंत यंत्राला वर कुणाला विचारावे लागत नाही, आणि जोडणी आली की झालेले काम आपोआप वर कळवले जाते. प्रवासाला निघताना आई बांधून देते ती शिदोरी, दुसरे काय! हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. सांगितले असते तर मी त्यावरही बोललो असतो.

चिदंबरांनी निकाल राखून ठेवला. दुसरी तार खरोखर मागच्या रस्त्याने आणा, मी दिवाळीच्या आत पुन्हा येतो, आणि या वेळी कुठली तार कुठे तोडायची ते मी ठरवणार, असे म्हणून ते गेले. (जाताना माझ्याशी हस्तांदोलन केले आणि गटाराबद्दल अभिनंदन केले. त्यात उपहास होता की नाही, यावर भाग्याचे आणि माझे एकमत नाही.) म्हणजे स्पंदनाचे अजून अधांतरी आहे. बेंगळुरूहून तिला रोज विचारणा येते, परत कधी येतेस. ती उत्तर देत नाही. मी जेवताना एक शब्द बोलत नाही, आणि त्याने घरात सगळे जास्तच घाबरले आहेत.

असो. गटार मात्र उत्तम झाले आहे. पाण्याचा थेंब थांबत नाही. अंबाक्काला माझा आणि भाग्याचा नमस्कार, आपल्या खोकल्याला लवकर निरोप मिळो. आपल्या कृपेचा भुकेला आणि भडंगाचाही,

अनंतकृष्ण

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. दोष माझा की धैर्यशीलचा, हा खटला घरात चालू आहे, आणि कृष्णमूर्तीने जाहीर केले आहे की जन्मभर मराठी शिकवलेले भुजंगराव भावोजी सांगतील तो निर्णय. लक्ष्मीपूजनाला तो आपल्याला फोन करून विचारणार: दारी म्हणजे रस्ता, हे मराठी आहे का? दाजी, आपण फक्त एवढेच म्हणावे की जुन्या मराठीत होते. किती जुन्या ते सांगू नये. शक्य तर एखाद्या ताम्रपटाचे नाव पुटपुटावे आणि मग खोकावे. यात धैर्यशीलवर थोडा ठपका येईल, पण तो तरुण आहे, आणि पुतण्या आपलाच, घरातल्या घरात राहील.

ता. क. दुसरा. एवढी घाई का, तर लक्ष्मीपूजनानंतर लगेचच्या शनिवारी इथल्या मराठी समाजाचा मेळावा आहे, अध्यक्ष मी आहे, आणि भाषणाचा विषय महिन्याभरापूर्वी छापून वाटून झाला आहे: "भेसळमुक्त मराठी: घरोघरी पहारा". स्पंदनाला या विनंतीचे काही कळू देऊ नये.

ता. क. तिसरा. झाल्या प्रकारातून मी शिकलो नाही असे समजू नका. हे पत्र फार महत्त्वाचे असल्याने त्याच्या दोन प्रती केल्या आहेत आणि दोन वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो आहे. एक धैर्यशील आपल्या हातात देईल, दुसरी टपालाने येईल. एक हरवली तरी दुसरी पोहोचणारच. मुद्दाम वाटा म्हटले, लक्षात आले असेलच.

(खाली वेगळ्या अक्षरात)

भुजंगमामा, नमस्कार. मी स्पंदना. माझं मराठी लिहिणं असंच आहे, चुकलं तर दुरुस्त करून वाचा.

दोड्डकाकांनी पाकिटं चिकटवायला मलाच दिली. म्हणून सगळं वाचलं. सॉरी. टपालाची प्रत पण त्यांनी धैर्यशीललाच दिली होती, "मिरजेला उतरलास की पोस्टाच्या पेटीत टाक" म्हणून. दोन्ही पाकिटं एकाच बॅगेत, एकाच बसमध्ये. मी एक काढून घेतलं आणि आज नजरबादला पोस्टात टाकते. जी प्रत आधी येईल ती वाचा. दोन्हीवर मी हेच लिहिलंय.

दारीबद्दल खोटं सांगू नका. धैर्यशीलची चूक नाही. माझी आहे. मी फोनवर सांगितलं, चालून दाखवलं नाही. या वेळी मी आणि तो मागच्या रस्त्यानं कालव्यापासून कारखान्यापर्यंत पूर्ण चाललो, तारेबरोबर. मधे मधे तो विचारत होता, "ही दारीच ना?" आता मुद्दाम म्हणतो.

चिदंबर सर आज सकाळी येऊन गेले. दोड्डकाकांना आणि गटारवाल्यांना कळवलं नव्हतं. सरांनी पुढची तोडली, मग जोडून मागची तोडली. एकदा पण जोडणी थांबली नाही. काम आपल्याला मिळालं. बेंगळुरूला मी येत नाही म्हणून मेल केला. अप्पा रडले, मग दोन वाती कमी केल्या.

दोड्डकाकांना अजून सांगितलं नाही. आत्ता सांगितलं तर लगेच उभे राहतील. शनिवारचं भाषण झाल्यावर सांगणार. मी पहिल्या रांगेत बसते. भाषणात कुठंतरी ते नक्की "दारी" म्हणतील, त्यांना कळणार पण नाही. तेव्हा सगळ्यात आधी टाळी मी वाजवणार.